भरल्या गाडीची ट्रायल

राजनराव शेवड्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची एकोणीस निव्वळ गाड्या तपासण्यात. दुरुस्त होऊन आलेली बस मार्गावर सोडायची की परत शेडमध्ये ढकलायची, हे ते ठरवत. साहेबांचा फोन येवो नाहीतर आमदाराचा, ब्रेकबद्दल शंका असली की राजनरावांची सही व्हायची नाही. त्यांचा एक नियम साऱ्या खात्यात प्रसिद्ध होता. रिकामी गाडी ते कधीच पास करत नसत. आत वाळूची पोती भरायची, तेवढ्या वजनासकट गाडी चढावर न्यायची, उतारावर थांबवायची आणि मग तोंड उघडायचं. रिकामी गाडी कुणाचीही छान चालते, असं त्यांचं म्हणणं. लोक वैतागायचे, पण शेवड्यांनी पास केलेली गाडी घाटात बंद पडली असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तर असा हा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कॅनडातल्या रेजिना नावाच्या गावी, लहान मुलांच्या सामानाच्या एका अवाढव्य दुकानात उभा राहून ढळढळीत खोटं बोलला. का बोलला, ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

राजनरावांची एकुलती एक लेक ऊर्मी रेजिनाच्या युनिव्हर्सिटीत एका लॅबमध्ये काम करत होती. जावई गंधार सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं बघायचा आणि आठवड्यातले तीन दिवस सास्काटूनला असायचा, घरातली एकुलती एक कार घेऊन. नात जाई अडीच वर्षांची. ती झाली त्याच वर्षी राजनरावांची बायको शैला गेली होती, त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला इथून कुणीच जाऊ शकलं नव्हतं. भर जानेवारीत, उणे तीसमध्ये, ऊर्मी तान्ह्या पोरीला घेऊन सत्तेचाळीस दिवस घरात बसून होती. फोन केला की ती फक्त "हो" आणि "बरं" एवढंच म्हणायची. राजनरावांना वाटायचं, पोरगी दमली असेल. नंतर कधीतरी गंधारनं सांगितलं, की डॉक्टर, गोळ्या, सगळं झालं होतं.

आता दुसरं बाळ येणार होतं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाचव्या महिन्यात ऊर्मी फोनवर रडली तेव्हा राजनराव चटकन बोलून गेले, "जाईला मी नेतो वर्षभर. चिंचवडला माझ्याजवळ राहील." दुसऱ्या बाळंतपणात थोरल्याला आजोळी धाडायची आपल्याकडे रीतच आहे, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांनी राजनरावांची पाठ थोपटली. या वयात पोर सांभाळणार, केवढा त्याग, वगैरे.

त्याग कसला नि काय. राजनरावांना आपलं मन पक्कं ठाऊक होतं. शैला गेल्यापासून चिंचवडच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसदिवस त्यांना कुणी हाक मारायचं नाही. दूधवाला पिशवी दाराला लावून जायचा, पेपरवाला पेपर टाकून. बोलायला म्हणून ते टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईशी वाद घालत. जाई आली तर सकाळी कुणीतरी आपल्याला उठवेल, कुणाला तरी वरणभात कालवून द्यावा लागेल, एवढीच त्यांची आस होती. लेकीची सोय होती हे खरंच, पण त्याहून मोठी सोय त्यांची स्वतःची होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते हेच.

सप्टेंबरात ते रेजिनाला पोचले आणि तिसऱ्याच दिवशी ऊर्मीनं त्यांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं.

"बाबा, मला जाईला पाठवायचं नाहीये," ती म्हणाली. "पण जाईच्या वेळच्या विंटरसारखं झालं तर मी दोघांनाही नीट बघू शकणार नाही. म्हणून मला एवढंच ट्राय करायचंय. गंधार नसताना मी एकटी दोघांना घेऊन घराबाहेर पडू शकते का? लायब्ररीपर्यंत जाऊन परत येऊ शकते का? जमलं तर ती राहील. नाही जमलं तर तुम्ही न्या, मी काही बोलणार नाही."

जाई कॅनडात जन्मलेली. तिला वर्षभर भारतात राहायचं तर परदेशी नागरिकांना लागणाऱ्या ओसीआय कार्डाचा अर्ज करणं भाग होतं, त्यावर आईबाप दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि तो यायला दोन महिने लागायचे. म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पोस्टात पडायला हवा, तर जानेवारीत राजनरावांबरोबर जाई निघणार. तोवर ऊर्मीला एक गाडी निवडायची होती, दोन मुलांना एकत्र बसवता येईल अशी, ढकलायची. निवडायचं काम तिनं वडिलांवर सोपवलं. तुम्ही पास केलेलीच घेईन, असं म्हणाली. मांजराच्याच हाती दूध राखायला दिल्यावर मांजर नको कसं म्हणणार?

दुकानात जाण्याआधी गंधारनं महिनाभर अभ्यास केला होता. इंजिनिअर माणूस तो. दहावीच्या निकालापासून लग्नाच्या स्थळांपर्यंत सगळ्याचे तक्ते केलेला. याही वेळी एकोणीस रकान्यांचा तक्ता तयार होता. वजन, घडी किती सेकंदांत होते, उन्हापावसाचं टप किती खाली येतं, दुधाची बाटली ठेवायला जागा आहे का. घराच्या दाराची रुंदी त्यानं तीनदा मोजली होती. गाळता गाळता दोनच गाड्या उरल्या. एक शेजारी-शेजारी बसायची, एक मागे-पुढे. मागे-पुढेवाली गंधारनं जवळजवळ बाद केलीच होती, कारण ती लांबडी होती आणि कारच्या डिकीत मावत नव्हती.

शेजारी-शेजारीवाली मात्र दिसायला फारच गोड. राखाडी रंग, वजनाला हलकी, आणि दुकानातल्या मुलीनं एका हातानं तिची घडी करून दाखवली तेव्हा गंधारचा चेहरा असा उजळला, की पोरगी पसंत पडल्यावर वराचाही उजळत नाही. जाई एका सीटमध्ये जाऊन बसली आणि उठेना. खोक्यावर लिहिलं होतं, सगळ्या रस्त्यांवर चालते. लिहिणारा रेजिनात कधी राहिलेला नसावा.

ऊर्मी वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा."

राजनरावांना लांबूनच दिसलं होतं. पुढची चाकं पुरीएवढी, टणक प्लास्टिकची, आणि स्वतःभोवती गरगर फिरणारी. गेला महिनाभर ते रोज सकाळी त्या गल्लीतून फिरत होते. फूटपाथच्या लाद्या थंडीनं फुगून वरखाली झालेल्या त्यांनी बघितल्या होत्या, आणि एकदा पडलेला बर्फ इथे एप्रिलपर्यंत हलत नाही हे गंधारनंच त्यांना सांगितलं होतं. ही चाकं दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नाचतील आणि बर्फात शिरली की आडवी होऊन रुततील, हे सांगायला चौतीस वर्षांची नोकरीही नको होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि नेमके तेव्हा राजनराव मूग गिळून बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे चिंचवडचं स्वयंपाकघर होतं आणि तिथल्या टेबलाशी जाई बसलेली होती.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

ऊर्मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि गंधार काउंटरकडे धावला.

गाडी घरी आली त्या दिवशी ठाण्याहून गंधारच्या आईचा, नीलिमाताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना खोकं दिसलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मूल जन्माला यायच्या आधी रिकामा पाळणा हलवू नये, तिथं रिकामी गाडी घरात आणून ठेवलीत? ऊर्मीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. गंधारचाही नव्हता, पण त्याचा आईच्या रागावर पुरेपूर विश्वास होता. शेवटी राजनरावांनीच तोड काढली. रिकामी नको ना, मग भरलेली ठेवू. गव्हाच्या पिठाची वीस पौंडी पिशवी आणून त्यांनी बाळाच्या सीटवर बसवली आणि पट्टा लावला. नीलिमाताईंचं समाधान झालं. जाईला तर ती पिशवी इतकी आवडली की तिनं आपली लोकरीची टोपी तिला घातली, तिचं नाव 'बेबी आटा' ठेवलं, आणि कुणी पोळ्यांसाठी पिशवीकडे बघितलं तरी "नो, शी इज स्लीपिंग" म्हणून दटावायला लागली. घरात आठवडाभर तयार पोळ्या आणून खाल्ल्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर पहिला बर्फ पडला, चांगला वीतभर. गंधार सास्काटूनला होता. सकाळी ऊर्मीनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, आजच ट्राय करू, परवा फॉर्म टाकायचाय. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, तरी ऐकेना. लायब्ररी नाही, निदान कोपऱ्यापर्यंत. तिनं वडिलांना बजावलं की मागे चालायचं, पण गाडीला हात लावायचा नाही.

जाई एका सीटवर, बेबी आटा दुसऱ्या सीटवर. दारातून गाडी अर्धा इंच राखून बाहेर पडली. गंधारचं मोजमाप चोख होतं. स्वतःच्या दारापुढचा रस्ता राजनरावांनी पहाटेच फावड्यानं साफ केला होता, त्यामुळे तिथवर गाडी झोकात गेली. शेजारच्यांनी मात्र काहीच साफ केलेलं नव्हतं.

तिथेच घोडं अडलं. पुढची चाकं बर्फात शिरली आणि आडवी झाली. ऊर्मीनं जोर लावला, तशी ती अजून रुतली. तिनं गाडी मागे ओढली, बाजूनं घ्यायला बघितली, तर पिठाच्या बाजूचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि गाडी कलली. जाई घाबरून रडायला लागली. बोचरा वारा सुटला होता. ऊर्मी एक हात पोटावर, एक हात दांडीवर ठेवून तिथेच उभी राहिली, आणि राजनराव तीन पावलं मागे, हात खिशात घालून. चाळीस पावलं झाली असतील जेमतेम.

"बाबा, नाही जमत," ती म्हणाली.

राजनरावांनी जाईला उचलून घेतलं, गाडी ओढत परत आणली. घरात आल्यावर ऊर्मीनं बूट काढले, भिंतीला टेकून जरा वेळ बसली, आणि म्हणाली, "तो फॉर्म द्या. मी सही करते. न्या तुम्ही तिला."

"अगं, घाई काय आहे?"

"बरं," ती म्हणाली.

तो एक शब्द राजनरावांच्या ओळखीचा होता. हा आवाज त्यांनी ऐकला होता, अडीच वर्षांपूर्वी, फोनवर, सत्तेचाळीस दिवस. राग नाही, रडू नाही, नुसतं "हो" आणि "बरं". तेव्हा बारा हजार किलोमीटरवर बसून त्यांना तो कळला नव्हता. आता लेक दोन हातांवर बसली होती आणि तिचा हा आवाज त्यांनी स्वतः ओढवून आणला होता.

मनातले मांडे ताटात पडले होते. जाई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती, आणि ती आता त्यांची होती, वर्षभर. पण घास काही घशाखाली उतरेना. त्यांनी जाईला आईच्या मांडीवर ठेवलं, सही उद्या कर म्हणाले, आणि गराजमध्ये गेले. गाडी उलटी केली. पुढचं चाक बोटानं फिरवलं. जे माहीत होतं तेच दिसलं. एकोणीस वर्षांत परक्या माणसांच्या गाडीला जे केलं नव्हतं, ते पोटच्या पोरीच्या गाडीला केलं. राजनरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी तिथूनच गंधारला फोन लावला. मागे-पुढे बसायची ती लांबडी गाडी, सायकलसारखी हवेची मोठी चाकं असलेली, कुठे जुनीपानी मिळते का बघ, असं सांगितलं. गंधार म्हणाला, बाबा, पण ती डिकीत मावत नाही. राजनराव म्हणाले, डिकीचं राहू दे, तिला बर्फात चालायचंय. तुझ्या तक्त्यात बर्फाचा रकाना होता का? पलीकडे तक्त्याचे एकोणीसही रकाने चाळून झाले. शेवटी गंधार म्हणाला की शोधतो.

ऊर्मीला त्यांनी एवढंच सांगितलं, की शनिवारपर्यंत सही करू नकोस, अर्जाला दोन दिवस उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही. तिनं कारण विचारलं नाही.

शनिवारी सासरे-जावई गावाबाहेर तीस मैलांवर एका शेतावर गेले. चार मुलांची आई असलेली एक उंच बाई रबरी बूट घालून आली आणि कोठारातून तिनं गाडी ओढत बाहेर काढली. रंग उडालेला, दांडीचं रबर कुरतडलेलं. चाकं मात्र जातिवंत. राजनरावांनी कारमधून सामान उतरवलं: पुढच्या सीटसाठी तांदळाच्या दोन पिशव्या, म्हणजे जाई, आणि मागच्या सीटसाठी बेबी आटा, टोपीसकट, कारण टोपी काढायला जाईनं परवानगी दिली नव्हती. त्या बाईनं हे सगळं बघितलं आणि हाताची घडी घालून कुंपणाला टेकून उभी राहिली.

राजनरावांनी गाडी खडीवरून नेली. बर्फातून नेली. कापणी झालेल्या गव्हाच्या शेताच्या बांधावरून नेली. कोठाराच्या उतारावर ब्रेक लावून सोडून दिली आणि दोन पावलं मागे झाले. गाडी जागची हलली नाही. मग कान खाली नेऊन त्यांनी चाकं एकेक करून फिरवली. मागच्या उजव्या चाकात बारीक टकटक होती.

"बेअरिंग गॉन," ते बाईला म्हणाले. "बॉडी गुड. व्हेरी गुड."

बाई हसली आणि आत जाऊन ग्रीसचा डबा घेऊन आली. तोही तिनं देऊनच टाकला. गाडी कारच्या टपाला बांधून घरी आली.

संध्याकाळी राजनराव गराजमध्ये जमिनीवर बसून चाक उघडत होते. हात ग्रीसनं माखलेले, बऱ्याच वर्षांनी नखांत काळं गेलेलं. त्यांना फार बरं वाटत होतं. ऊर्मी चहा घेऊन आली आणि स्टुलावर बसली. जरा वेळ ती त्यांचे हात बघत राहिली.

"बाबा, दुकानात तुम्ही वाकला नव्हतात," ती म्हणाली.

राजनरावांचा पाना थांबला.

"लहानपणी तुम्ही माझी तीनचाकी आणलीत, तेव्हासुद्धा दुकानदाराला उलटी करून दाखवायला लावली होती. आणि परवा चाकाला हातही न लावता म्हणालात, चांगली आहे. मला तिथेच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी राग आला म्हणून. मग म्हटलं, थांबू. फार दिवस नाही राहवणार तुम्हाला." तिनं कप त्यांच्याजवळ सरकवला. "पण खरं सांगू? तुम्ही गप्पच राहिला असतात ना, तर मी सही केली असती. जाई तुमच्याकडे आली असती. आणि मी तुमच्याशी परत कधी नीट बोलले नसते."

राजनरावांनी पाना खाली ठेवला. चूक झाली, एवढंच ते म्हणाले. एकटेपणाबद्दल एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण या वेळी ते बोललं तर सबब सांगितल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं. ऊर्मीनंही आणखी उगाळलं नाही. ती उठली, गाडीची दांडी धरून दोनदा मागेपुढे केली, आणि विचारलं, ही एवढी लांब गाडी वळवायची कशी?

आता हा प्रश्न एसटीवाल्याला विचारायचा म्हणजे दुधात साखर. राजनरावांनी पंधरा दिवस शिकवणी घेतली. लांब गाडी कोपऱ्यावर कधी घाईनं वळवायची नाही, आधी पुढे काढायची. पायरी चढताना पुढून नाही जायचं, पाठ फिरवायची आणि मोठी चाकं आधी वर ओढून घ्यायची. बर्फात पुढची चाकं खटका लावून सरळ ठेवायची. जाई सीटवर बसून सगळं ऐकायची आणि प्रत्येक थांब्यावर तोंडानं घंटी वाजवायची. नवी राखाडी गाडी दुकानात परत गेली. अर्ज सहीविना ड्रॉवरमध्ये पडून राहिला, बाळ झाल्यावर खरी ट्रायल होईपर्यंत. बेबी आटाच्या पोळ्या झाल्या त्या दिवशी जाईनं निषेध म्हणून जेवण सोडलं, पण तो निषेध तूपसाखरेची पोळी पुढे येईपर्यंतच टिकला.

निहार नोव्हेंबरच्या आठ तारखेला झाला. सव्वा महिना राजनरावांनी कुणाला पाण्याचा पेला उचलू दिला नाही. डिंकाचे लाडू नीलिमाताईंना व्हिडिओवर विचारून विचारून वळले. पहिले दगड झाले, दुसरे खाण्यासारखे. आणि डिसेंबरच्या अठरा तारखेला, उणे चौदात, गंधार सास्काटूनला असताना, ऊर्मी सकाळी म्हणाली की आज लायब्ररीत जाते. लहान मुलांच्या गोष्टींचा तास होता.

राजनरावांनी चाकांत हवा आहे का ते बघितलं. जाईला बर्फात घालायचा फुगीर सूट चढवून पुढे बसवलं, निहारला गुंडाळून मागे, आईच्या नजरेसमोर.

"येताय का सोबत?" ऊर्मीनं विचारलं.

"मी आलो तर ती ट्रायल कसली?"

ती गेली. राजनराव खिडकीत उभे राहिले. गाडी शेजारच्यांच्या न काढलेल्या बर्फापाशी पोचली, जरा अडखळली आणि आत शिरून पुढे गेली. कोपऱ्यावर ऊर्मीनं ती आधी पुढे काढली, मग वळवली. मग काही दिसेना.

घर एकदम गप्प झालं. हीटरचा आवाज तेवढा येत होता. असलीच शांतता आपल्याला चिंचवडला रोज ऐकायचीय, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ एक वाईट विचार आला, की अजून गाडी रुतू शकते. तो आला तसा त्यांनी हाकलला, पण आला होता हे नाकारण्यात अर्थ नव्हता. ते भांडी घासायला लागले. घासलेलीच परत घासली. बारा वाजता यायची ती साडेबाराला आली नाही, तेव्हा मात्र चिंचवड वगैरे सगळं पार विसरून ते बूट चढवून दाराशी जाऊन उभे राहिले.

पावणेएकला गाडी कोपऱ्यावर दिसली. ऊर्मी ताठ चालत होती आणि काहीतरी बोलत होती. जाई मागे मान वळवून तिला उत्तरं देत होती. राजनरावांचा हात दाराच्या कडीवर गेला. पायरीशी जाऊन गाडी उचलून घ्यावी असं फार वाटलं. त्यांनी हात मागे घेतला. ऊर्मी पायरीपाशी थांबली, पाठ फिरवली, मोठी चाकं वर घेतली, एक हिसका दिला, आणि सगळी वरात घरात आली. जाईचे गाल लाल झालेले. निहार गाढ झोपेत. ऊर्मी धापा टाकत होती आणि हसत होती, आवाज करून, तोंडभर. असं हसू त्या घरात राजनरावांनी चार महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"स्टोरी संपल्यावर जाई उठेचना, म्हणून लेट झालं," ती म्हणाली. "बाबा, जमलं."

"बघितलं मी," राजनराव म्हणाले. ते खाली बसून जाईच्या सूटची चेन काढायला लागले, म्हणजे लेकीकडे बघावं लागू नये. "पास. मग मी आज रात्री, तिकडे सकाळ झाली की, बालवाडीला फोन करून कळवतो. म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाच्या पोराला तरी मिळेल."

"कुठली बालवाडी?"

"आपल्या सोसायटीच्या मागची. जाईचं नाव घातलं होतं मी जूनमध्ये. खोलीही करून घेतली होती. तुझी जुनी खोली. रंग दिला, खाली गादी घातली. उंचावरून पडायला नको म्हणून."

ऊर्मी अंगावरच्या कोटासकट, बर्फाच्या बुटांसकट दारातच खाली बसली. बुटांचं पाणी फरशीवर पसरत गेलं.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला करमत नाही म्हणून तुझी पोरगी दे, असं?"

ऊर्मीनं हातमोजा काढला आणि त्यांचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती आणि राजनरावांची साबणानं सुरकुतलेली. मधे जाई एका पायात सूट अडकवून उभी होती आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"कुठला रंग दिलात?" ऊर्मीनं विचारलं.

"पिवळा."

"मग तो तसाच राहू दे. जूनमध्ये निहार सात महिन्यांचा होईल. दोघांना घेऊन येते मी. गंधारला रजा मिळाली तर मिळाली, नाहीतर एकटी येईन."

"एकटी? दोघांना घेऊन? एवढा लांबचा प्रवास?"

"न यायला काय झालं?" ऊर्मी म्हणाली. "तुम्हीच पास केलंत ना आत्ता."